कंपनीत कामगारांना ट्रॅकिंग टॅग लावून खरंच फायदा होतो का, की नुसती पाळत?

होतो, पण टॅग कशासाठी हवाय ते आधी ठरवा. शेडच्या आत जीपीएसचा भरवसा नसतो, म्हणून बरेच जण ब्लूटूथ टॅग घेतात, स्वस्त पडतो पण माणूस साधारण कुठल्या भागात आहे एवढंच कळतं, फोर्कलिफ्ट जवळ आली की अलार्म वाजवायचा असेल तर तेवढ्यावर भागत नाही. तिथे अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे रेडिओ लहरींनी अंतर मोजणारं तंत्र, लागतं, 10 ते 30 सेंटीमीटरपर्यंत अचूक, फक्त अँकर, म्हणजे टॅगचे सिग्नल पकडणारी जागेवर पक्की उपकरणं, बसवायची म्हणजे खर्च वाढतो.

सेफ्टीचं म्हणाल तर जानेवारी 2006 मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या सॅगो कोळसा खाणीत स्फोट झाला, 13 जण आत अडकले, त्यातले 12 गेले, आणि ते नेमके कुठे आहेत हे वरच्यांना कळायला काही साधनच नव्हतं. त्याच वर्षी कायदा करून भूमिगत कोळसा खाणींत इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग सक्तीचं केलं. इतकी माणसं गेल्यावर.

कामाचा वेग वाढवायचा असेल तर आधी डाय (साचे), ट्रॉल्या, बिन यांना आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणारे टॅग, लावा, त्यातल्या पॅसिव्ह टॅगला बॅटरी लागत नाही आणि शोधाशोध बरीच कमी होते.

पाळतीची भीती मात्र खरी आहे. युनियनला आधीच लेखी द्या की हा डेटा पगार कापायला वापरणार नाही, कँटीन आणि बाथरूममध्ये ट्रॅकिंग बंद राहील. नाहीतर लोक टॅग लॉकरमध्ये ठेवून कामाला जातात आणि आग लागली की स्क्रीनवर सगळे लॉकर रूममध्येच दिसतात.