खोत म्हणजे गावचे मालक होते का?

प्रश्न : आमच्या वाडीत एका घराला अजून ‘खोतांचं घर’ म्हणतात. आख्खा गाव त्यांच्या मालकीचा होता, असं आजी सांगायची. हे खरं का?
— एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आजींना गाव तसाच दिसला असणार, पण खोत मुळात मालक नव्हता. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा तो मक्तेदार. पिढ्यान्‌पिढ्या हे काम एकाच घरात राहिलं, आणि इंग्रजांच्या १८८० च्या खोती कायद्याने त्या हक्काला बळ दिलं. धारेकऱ्यांना, म्हणजे जमिनीवर कायमचा हक्क असलेल्या शेतकऱ्यांना, सरकारी धाऱ्याएवढंच (साऱ्याएवढंच) द्यावं लागे. खरा भार कुळांवर, म्हणजे खोताची जमीन कसणाऱ्यांवर.

माझे आजोबा खोताचं कूळ होते. भात पिकायला आलं की खोताचा माणूस बांधावर येऊन अभावणी करायचा, म्हणजे उभं पीक नजरेनं जोखून किती मण होईल ते ठरवायचा. त्यातलं निम्मं, म्हणजे अर्धेल, खोताचं. वरकसातल्या, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीतल्या, नाचणी-वरीची तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. मागून पावसात भात आडवं झालं तरी ठरलेला आकडा हलत नसे, असं आजोबा सांगत. वर वेठ होतीच : आधी खोताची लावणी, मग आपली. आजोबांना सगळ्यात जास्त हेच लागलं होतं, कारण लावणीचे दिवस गेले की परत येत नाहीत.

सगळे खोत श्रीमंत होते असं मात्र समजू नका. एका खोतीत अनेक तक्षिमदार, म्हणजे वाटेकरी, असत, वहिवाट (गावचा कारभार) आळीपाळीने चाले, वाटण्या होऊन कित्येकांच्या हाती थोडंच उरे. दरारा तेवढा टिकून राहिला.

तो मोडला कुळांनीच. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ शेतकऱ्यांनी संप केला, जमिनी कसल्याच नाहीत. सहा वर्षं! घरात दाणा नसताना हे निभावणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. खोतांच्या खासगी जमिनी त्यांच्याकडेच राहिल्या. तिथल्या कुळांना पुढे कूळकायद्याचा, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा आधार मिळाला; त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं.

तुमचं घर कुळाचं असेल तर जुने फेरफार काढून बघा. कूळकायद्याच्या कलम ‘३२ ग’चा (जमिनीची किंमत ठरवणारा) निकाल आणि ‘३२ म’चं (खरेदीचं) प्रमाणपत्र आहे का, आणि सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कब्जेदार म्हणून आहे की अजून ‘इतर हक्कां’तच पडून आहे, ते आधी तपासा.