नाट्यपरीक्षणात भावना ‘व्यक्त झाली’, ‘सूचित झाली’ की ‘ध्वनित झाली’, नेमके काय लिहावे?

तुमच्या प्रश्नातील ‘व्यक्त’ या शब्दाशी माझे जुने वैर आहे, म्हणून परीक्षण लिहिण्याचा अनुभव नसतानाही उत्तर देत आहे.

महाविद्यालयात असताना मी एक एकांकिका लिहिली होती. सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराचे घर, नोकरीसाठी पुण्याला निघालेला मुलगा आणि त्याला कडक भाकरी व शेंगाची चटणी बांधून देणारी आई, एवढाच तिचा पसारा होता. मुलगा ‘येतो’ म्हणून उंबऱ्यापर्यंत जातो आणि काहीतरी विसरल्याचे निमित्त काढून परत फिरतो. तिसऱ्या वेळी आई पुडक्याची गाठ आवळत, त्याच्याकडे न पाहता म्हणते, ‘‘जा की.’’ निघणाऱ्याला ‘जा’ म्हणू नये हा घरोघरचा संकेत ती मोडते, आणि मोडताना त्याला ‘की’ जोडते. या ‘की’विषयी सोलापूरकराला काही सांगावे लागत नाही, आग्रह, राग, लाड आणि रडू हे सगळे आम्ही त्या एका अक्षरावर सोपवतो आणि त्यातले कोणते किती, हे हेलावरून ओळखतो. स्पर्धेच्या परीक्षकांनी मात्र ‘आईच्या भावना व्यक्त होत नाहीत’ असा शेरा दिला. दिग्दर्शक असलेल्या माझ्या मित्राने तो शिरोधार्य मानून, मला न विचारता, पुढच्या प्रयोगात आईला आठ ओळींचे स्वगत दिले, ज्यात ‘दुःख’ हा शब्द दोनदा होता. त्याला टाळ्या मिळाल्या, हेही नमूद करतो.

पुढे मम्मटाचा ‘काव्यप्रकाश’ हा संस्कृत काव्यशास्त्रावरील ग्रंथ वाचनात आला. रस किंवा त्याच्या मुळाशी असलेला शोकासारखा स्थायी भाव त्याच्या नावानेच सांगून टाकणे, हा त्या अकराव्या शतकातील ग्रंथात रसदोष मानलेला आहे. रस विभाव (भावनेची कारणे) आणि अनुभाव (ती दाखवणाऱ्या हालचाली, खुणा) यांतून प्रतीतीला यावा लागतो. पुडक्याची आवळलेली गाठ हा अनुभाव होता आणि स्वगतातले ‘दुःख’ हा दोष होता. शिवाय ‘व्यक्त’ आणि ‘व्यंजना’ (न बोललेला अर्थ सुचवणारी शब्दशक्ती) हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, तेव्हा ‘व्यक्त’ म्हणजे ‘बोलून दाखवलेले’ हा अर्थ माझ्या मित्राने कुठून आणला, हे मला आजतागायत समजलेले नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर, पात्राने भावना शब्दांत मांडली असेल तर ‘बोलून दाखवली’ असे सरळ लिहावे. रंगमंचावरचा माग बंद दिसतो आणि घरची कमाई थांबल्याचे आपल्याला कळते, तेव्हा ते ‘सूचित’ झाले; त्याऐवजी एक वाक्य घातले असते तरी भागले असते. जिथे असे वाक्य घालताच प्रसंग मरतो, तिथे ‘ध्वनित’ लिहावे. ‘भावना प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या’ हे वाक्य कृपया लिहू नये, कारण त्यात परीक्षकाने काहीच पाहिलेले नसते.

ही विभागणी शास्त्रशुद्ध नाही, हे सांगायचे राहिले. नवव्या शतकात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, हा काव्याचा आत्मा म्हटला, तेव्हा त्यात नुसती वस्तू सुचवणारा वस्तुध्वनीही धरला होता, त्यामुळे त्याच्या हिशेबाने बंद मागही ध्वनीतच जाईल. मित्राचे म्हणणे असे की सोलापूरबाहेर ‘की’ कळणारच नाही, आणि व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, कशावर अवलंबून असतो हे सांगताना मम्मटानेही वक्ता, काकू (म्हणजे आवाजाचा हेल), देश आणि काळ यांच्याबरोबर श्रोत्याला धरले असल्याने या एका मुद्द्यावर मला थोडे नमते घ्यावे लागते. पण त्यावर उपाय अभिनेत्रीचा हेल घोटून घेणे हा होता. स्वगत त्याच्याकडच्या संहितेत अजून आहे. माझ्या प्रतीत त्या जागी ‘जा की’ एवढेच आहे.