'शाळेच्या पडवीत बसवायचे': पडवी, ओटी आणि ओसरी

प्रश्न असा आहे: कोकणातल्या जुन्या आठवणींत 'आम्हाला शाळेच्या पडवीत बसवायचे' असं वाक्य येतं. आजच्या वाचकासाठी पडवीच्या जागी 'व्हरांडा' लिहिलं तर चालेल का? आणि ओटी, ओसरी वेगळी कशी?

माझं मत स्पष्ट आहे: पडवी बदलू नका. व्हरांड्यात साहेबही येरझारा घालतो. पडवीला मात्र घरात एक पायरी ठरलेली असते. अंगणातून पडवी, तिथून एखाददोन पायऱ्या चढून ओटी, मग माजघर. छपराचा उतार पुढे ओढून त्याखाली केलेली सखल जागा ती पडवी. आमच्या गुहागरकडच्या घरी पडवीत इरली टांगलेली, सोलायचे नारळ पडलेले, कधी वासरू बांधलेलं. पाहुण्याला सतरंजी ओटीवर. गडीमाणसं पडवीतच टेकायची, कुणी सांगावं लागत नसे. ओसरी हा शब्द देशावर जास्त, साधारण आपल्या ओटीच्या मानाचा. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' म्हणतात. पडवीत बसलेल्याला पाय पसरायची सोय नाही.

पंतोजींच्या शाळा कुणाच्या ओटीवर नाहीतर देवळात भरत. धूळपाटीवर अक्षरं गिरवायला कुणाची मुलं येणार, हे त्या जागेनेच ठरलेलं असे. १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखातं सुरू झालं, सरकारी शाळा कागदोपत्री सगळ्यांच्या झाल्या, पण घराची उतरंड शाळेतही आली.

दापोलीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पलटणीतून पेन्शनीवर आलेली बरीच महार कुटुंबं तिथे राहत. पलटणीच्या शाळांमुळे त्यांच्यात लिहिणं-वाचणं रुजलेलं, त्यामुळे मुलांनी शिकावं हा आग्रह पक्का. १८९२च्या सुमारास या पेन्शनरांनी नगरपालिकेच्या शाळेत मुलांना प्रवेश मागितला, त्यासाठी अर्ज केले. मुलांना जागा मिळाली ती पडवीत.

दापोलीचा जुलै डोळ्यांपुढे आणा. झड आली की पागोळ्यांचं पाणी पडवीत निम्म्यापर्यंत येतं, म्हणून घरची पडवी पावसाळ्यात झापांनी बंद करतात. मांडीवरच्या पाटीला ओल लागली की पेन्सिलीची अक्षरं पुसली जातात. आतला फळा दारातून दिसेल तेवढाच.

शाळांसह सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात आला तो १९२३ साली. दापोलीच्या अर्जांनंतर तीस वर्षांनी.

आणखी एक. मूळ वाक्यात 'बसायचो' नाही, 'बसवायचे' आहे. हे प्रयोजक रूपसुद्धा जसंच्या तसं ठेवा. अगदीच गरज वाटली तर कंसात 'ओटीखालची सखल जागा' एवढं लिहा.