कोकणात हिवाळ्यातही मोठी वादळं आली आहेत का? गावांवर काय परिणाम झाला?

तुम्ही लिहिलंय की ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ माहीत आहेत, पण ती दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावर आली. पाऊस संपून थंडी पडायला लागल्यावरही कोकणात अशी वादळं झाली आहेत का, आणि झाली असतील तर गावांचं काय झालं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी हर्णैचा, दापोली तालुक्यातला. घरचा धंदा मासेमारीचा. आमच्याकडे हिवाळा म्हणजे बर्फ नाही की हाडं गोठवणारी थंडी नाही. दिवाळी झाली, पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटायला लागला, दर्या तेलासारखा शांत झाला की आमचा हिवाळा सुरू. वादळाचं भय मनातून गेलेलं असतं ते याच दिवसांत. म्हणूनच सांगतो, हो, वादळं आली आहेत. कोकणाला लागलेल्या वाऱ्याचा वेग पाहिला तर ती निसर्गपेक्षा हलकी होती, पण माणसं नेण्यात नव्हती.

हे मला कळलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला, फयान चक्रीवादळाच्या दिवशी. कार्तिक सरत आला होता. माझा काका ८ तारखेच्या संध्याकाळी बोट घेऊन गेला होता, बरोबर पाच खलाशी. तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. ९ तारखेला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र झाला. आकाशवाणीवर सूचना लागायला लागल्या आणि बंदरावर बावटा (वादळाच्या इशाऱ्याची खूण) चढला तोवर चार-पाच दिवसांच्या फेरीला गेलेल्या बोटी खोलात होत्या. मोबाइलला किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की रेंज नसायची. बावटा दिसतो तो किनाऱ्यावरच्या माणसाला, आणि किनाऱ्यावरचा माणूस तर सुरक्षितच असतो.

काकाने नंतर सांगितलेली एक गोष्ट मी विसरलेलो नाही. १० तारखेच्या रात्री वारा सुरू झाला तो पूर्वेकडून. त्या दिवसांत पहाटेचा वारा पूर्वेचाच असतो, तो मतलई. त्यामुळे बोटीवर कुणाला वावगं वाटलं नाही, जरा जोर जास्त आहे एवढंच. वादळाचा मध्य नैऋत्येला दूर असतो तेव्हा किनाऱ्यावरचा वारा पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वाहतो आणि बोटीला आणखी बाहेर ढकलतो. वादळ पुढे उत्तरेला सरकलं की तोच वारा दक्षिणेकडून, मग पश्चिमेकडून फिरतो आणि लाटा उठवतो. म्हणजे धोक्याची पहिली खूण रोजच्या वाऱ्याच्या वेशात येते. आषाढात असा वारा असता तर एकही तांडेल (बोटीचा प्रमुख) फसला नसता.

सकाळी वारा दक्षिणेला फिरल्यावर त्यांनी जाळी कापून सोडून दिली. जाळी कापणं म्हणजे काय ते धंद्यातल्या माणसालाच कळेल. निम्मं कर्ज त्या जाळ्यांवरच असतं. परत फिरायचं तर वारा तोंडावर, म्हणून वाऱ्याच्या कलाने उत्तरेकडे जात राहिले आणि अंधार पडता पडता दिघीच्या खाडीत शिरले. फयान त्या दुपारनंतर अलिबाग आणि मुंबईच्या मधे जमिनीवर चढलं होतं. दुसऱ्या दिवशी दिघीहून फोन आला तेव्हा काकी फोन हातात घेऊन नुसती उभी राहिली, बोललीच नाही.

सगळ्यांचे फोन आले नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतली माणसं त्या फेरीवरून परतलीच नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, त्यातला. बोट नाही, देह नाही, बोटीची फळीसुद्धा नाही.

तुम्ही परिणाम विचारलात, म्हणून इथे थोडं जास्त लिहितो, कारण वादळाच्या बातमीत हे येत नाही. देह मिळाला नाही की माणूस मेला असं कागदावर लगेच म्हणता येत नाही. सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर मृत समजायचं, ही तरतूद पुरावा कायद्यातली. आपत्तीत सरकार वेगळा आदेश काढून मदत देऊ शकतं, पण त्याआधी तो त्या दिवशी त्याच बोटीवर होता हे सिद्ध करावं लागतं, आणि छोट्या बोटीवर हजेरीपट कोण ठेवतो? त्या मुलाची बायको एका कचेरीतून दुसरीत वर्षभर फिरली. विम्यासाठी दाखला हवा, दाखल्यासाठी पंचनामा हवा, पंचनाम्याला साक्षीदार हवेत, आणि साक्षीदार त्याच बोटीवर होते. घरात वेगळाच पेच. सासू म्हणायची, तो कुठल्यातरी बंदराला लागला असेल, कुंकू पुसायचं नाही. भटजींनी देह नसताना करायचा पालाशविधी सुचवला तेव्हा सासूने त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. सुनेला ना विधवेची मदत मिळाली, ना सधवा म्हणून कुणी हळदीकुंकवाला बोलावलं. वादळ एका दिवसात गेलं, या घरात ते पुढे कित्येक वर्षं होतं.

निसर्गशी तुलना करा म्हणजे माझं म्हणणं पटेल. ३ जून २०२० ला ते श्रीवर्धन-दिवेआगरजवळ आदळलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता. फयानचा ८०-८५ च्या आसपास. निसर्गने आमच्या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. घरांवर कौलं राहिली नाहीत, कितीतरी दिवस वीज नव्हती. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे नुकसान किती खोल गेलं बघा. पण पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या, म्हणून आमचा माणूस समुद्रावर नव्हता. नोव्हेंबरमध्ये सगळा गाव उघड्यावर असतो. बोटी खोलात, वाळूवर सुकत घातलेला जवळा आणि बोंबील, शेतात कापून पसरलेलं गरवं (उशिरा पिकणारं) भात, खळ्यावर भारे. फयानच्या पावसात आमच्या शेजाऱ्यांच्या भाताला शेतातच कोंब आले आणि पेंढा काळा पडला, गुरांनी तोंड लावलं नाही. आंब्याचंही तसंच. त्या दिवसांत झाडाला कोरडं आणि गार हवामान लागतं, मग मोहोर फुटतो. जमिनीत पुन्हा ओल आली की झाड पालवी काढतं आणि मोहोर लांबतो. लांबलेल्या मोहोराचा आंबा उशिरा, भाव पडल्यावर बाजारात जातो. नोव्हेंबरच्या एका दिवसाचा हिशेब बागायतदार मे महिन्यात चुकवतो.

फयान वद्य नवमी-दशमीच्या सुमाराला आलं, म्हणजे भांगाच्या दिवसांत, भरती मुळातच कमी. त्यामुळे पाणी गावात फार शिरलं नाही. पुढच्या दोन वादळांत नेमकं उलट झालं. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी केरळ आणि लक्षद्वीपला झोडपून आपल्या किनाऱ्यापासून दूरवरून गुजरातकडे गेलं आणि सुरतेजवळ पोचेपर्यंत विरलं. वारा आम्हाला फारसा लागलाच नाही. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती, दत्तजयंती. ओखीच्या लाटा आणि पौर्णिमेचं उधाण एकत्र आलं आणि सिंधुदुर्गात पाणी किनाऱ्यावरच्या होड्या-जाळ्यांपर्यंत चढलं. २०१९ चं क्यार लक्ष्मीपूजनाच्या एक-दोन दिवस आधी समोरून गेलं, म्हणजे अवसेच्या तोंडावर. तेही जमिनीवर आलं नाही, पुढे समुद्रातच वाढून ते सर्वात तीव्र श्रेणीचं वादळ (सुपर सायक्लोन) झालं. तरी दिवाळीत देवगड-मालवणला उधाणाचं पाणी आणि सगळ्या कोकणात भिजलेलं भात, एवढं ते ठेवून गेलं. वादळ कुठे धडकणार एवढंच लोक विचारतात. आमची वडीलधारी माणसं त्या दिवशी तिथी कुठली तेही विचारतात, आणि ते अगदी बरोबर आहे.

ओखीतली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी, त्यांवर ९५२ मच्छीमार, वाऱ्याबरोबर वर येत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या. ना भाषा कळत ना पैसे बरोबर. आश्रयाला आलेल्या बोटीला दोर द्यायचा, मग तो कुणी का असेना, ही दर्यावरची रीत आहे. दिघीला माझ्या काकालाही असाच कुणीतरी दोर फेकला होता.

अरबी समुद्रात वादळाचे हंगाम दोन: मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येचा आणि फार वरचा पूर्वेचा, दोन्ही जोरदार, त्यामुळे वादळाचा खांब उभाच राहू शकत नाही. पाऊस गेला की समुद्र पुन्हा तापतो आणि वरचा वारा मंदावतो. तयार झालेली बहुतेक वादळं ओमान, येमेन, सोमालियाकडे जातात. एखादं मात्र उत्तरेकडून खाली उतरलेल्या पश्चिमी वाऱ्याच्या तावडीत सापडून ईशान्येला वळतं, आणि मग समोर कोकण किंवा गुजरात असतो. फयान असंच वळलं.

जुन्यांपैकी २२ नोव्हेंबर १९४८ चं मुंबईवर आलेलं वादळ आहे. त्याच्याही आधी नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून सातशेहून जास्त माणसांसह नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. तिचाही अवशेष मिळाला नाही. कोकणात ‘रामदास’ बोट बुडाल्याची गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ती १७ जुलै १९४७ ची, गटारी अवसेची, भर पावसाळ्यातली. हिवाळ्याच्या वादळांच्या आठवणी तशा गावभर झाल्या नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या घरात राहिल्या.

आता काय बदललं? ओखीनंतर उपग्रहावरून खोल समुद्रात संदेश पोचवणारं ‘जेमिनी’ नावाचं यंत्र २०१९ मध्ये आलं. किनाऱ्यापासून दूरवरच्या बोटीला इशारा मिळू शकतो, मात्र त्या यंत्रावरून उलट काही कळवता येत नाही. ही मोठी गोष्ट आहे, २००९ ला हे असतं तर काकाने दहा तारखेलाच तोंड फिरवलं असतं. पण इशारा मिळाल्यावर शिरायचं कुठे? हर्णैचं बंदर उघडं आहे. आमच्या बोटी वादळात आंजर्ल्याच्या खाडीत जातात आणि त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय. ओहोटी असेल तर बोट वाळूला घासते, आणि मागून लाट आली की तिथेच कलंडते. भरतीची वाट पाहत बाहेर थांबायचं, तर बाहेर वादळ. आधी तो गाळ निघाला पाहिजे, आणि प्रत्येक फेरीला बोटीवर कोण कोण आहे याची नोंद बंदरावर राहिली पाहिजे. ही नोंद असती तर त्या सुनेचं वर्ष कचेऱ्यांत गेलं नसतं.

तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्याकडे येणार असाल, तर सुवर्णदुर्गाला जायच्या होडीत बसण्याआधी बंदरावर बावटा लागलाय का ते विचारा. तीन नंबरचा लागला असेल तर पाणी कितीही शांत दिसलं तरी जाऊ नका.