वृद्धनिवासातील कामाचे वातावरण सुधारण्याची सुरुवात कोठून करावी?

आपल्या वृद्धनिवासात काळजीवाहक टिकत नाहीत, दोन पाळ्यांमध्ये कुरबुरी चालतात आणि स्नेहमेळावे घेऊनही फरक पडत नाही, तेव्हा सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. अशाच एका केंद्रात मी काही वर्षे पाळीप्रमुख होतो. माझ्या मते सुरुवात पाळीबदलापासून, म्हणजे एक पाळी दुसरीकडे काम सोपवते त्या वेळेपासून करावी.

रात्रपाळीची काळजीवाहक ‘आजी आज नेहमीसारख्या बोलत नाहीत’ असे सांगते आणि ते ऐकायला कोणी थांबत नाही, असे दोन-चार वेळा घडले की ती सांगणेच सोडून देते. वृद्धांमधील जंतुसंसर्ग पुष्कळदा ताप येण्यापूर्वी अचानक झालेल्या गोंधळलेपणातून किंवा जेवण टाळण्यातून दिसतो, आणि हे बदल प्रथम ध्यानात येतात ते अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या व्यक्तीच्या. म्हणून तिचे म्हणणे परिचारिकेच्या नोंदीइतक्याच गांभीर्याने नोंदवहीत उतरले पाहिजे. आम्ही दोन्ही पाळ्या पंधरा मिनिटे एकत्र ठेवल्या आणि त्या वेळेचा मोबदलाही दिला. मोबदला दिला नसता, तर ती आणखी एक सक्ती ठरली असती.

दुसरा प्रश्न चुकांचा. कामाच्या ठिकाणच्या वर्तनाच्या अमेरिकी अभ्यासक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णालयीन अभ्यासात, चांगले नेतृत्व लाभलेल्या विभागांत औषधांच्या चुकांच्या नोंदी उलट अधिक आढळल्या. तेथे चुका सांगण्याची भीती कमी होती, हे त्यामागचे त्यांचे स्पष्टीकरण होते. तेव्हा निवासी पडल्याच्या नोंदी एकाएकी घटल्या, तर कर्मचाऱ्यांचे अभिनंदन करण्यापूर्वी मागील नोंद करणाऱ्याला कोणती वागणूक मिळाली होती, हे तपासावे.

कुरबुरींचे मूळ स्वभावात शोधण्याची घाई मात्र करू नये. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला उचलण्यासाठी दोघे लागतात. दुसरे कोणी उपलब्ध नसले की एकटीने उचलणारीची कंबर धरते आणि ‘ती मदतीला येत नाही’ हे भांडण उभे राहते. आम्ही जड कामांची वाटणी कागदावर मांडली, तेव्हा सर्वांत भांडखोर समजल्या जाणाऱ्या काळजीवाहकेकडेच असे सर्वाधिक निवासी निघाले. तिच्याकडील दोन निवासी दुसरीकडे सोपवल्यावर तिची बदली करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.