धुळ्याजवळच्या प्लॉटवर बोअरचं पाणी खारट आहे. कुंपणाला ‘सॉल्टबुश’ लावू का?

सॉल्टबुश मागवू नका. पिलूचं झाड लावा.

तुम्ही लिहिलंय की बोअरच्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) २,८०० आला, जास्वंद आणि मेंदी दोन्ही पानांच्या कडेने करपत गेल्या, आणि आता अमेरिकेतल्या वाळवंटी बागांचे व्हिडिओ बघून तिथल्या सॉल्टबुशचं बी ऑनलाइन मागवायचा विचार आहे. ते झुडूप वाईट नाही. त्याच्या पानांवर बारीक बारीक फुगे असतात आणि जादा मीठ ते त्यात नेऊन ठेवतं. पीठ भुरभुरल्यासारखी राखाडी पानं दिसतात ती त्यामुळेच. पण त्याचा मुलूख बघा. लास व्हेगासला वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याकडे एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो, आणि तोही भरड रेताड जमिनीवर नाही, काळ्या मातीवर. श्रावणात पाय घातला की चप्पल आत राहते अशा चिखलात त्या झुडपाची मुळं कुजतील. मीठ त्याने सोसलं असतं हो, पण तोवर ते जगायला हवं ना.

आणि समजा जगलंच, फोफावलंच, तर मला वेगळी धास्ती वाटते. वेडी बाभूळसुद्धा कुणीतरी ‘कोरडवाहू जमिनीला चांगली’ म्हणूनच बाहेरून आणली होती. आज आपल्या नाल्यांकडे आणि गावठाणाच्या पडीक जागांकडे एक नजर टाका.

पिलूला काही ठिकाणी खाकण म्हणतात, आणि बाजारात दातून म्हणून मिळतं ते मिस्वाक याच झाडाचं. रोपवाटिकेत ‘पिलूचं रोप आहे का’ विचारलं की लोक आधी हसतात, मग कोंबडीवाल्याकडे पाठवतात. माझ्या बाबतीत खरंच झालं. एका रोपवाटिकेने तर पिलू म्हणून भलतंच रोप दिलं, ते कळायला मला आठ महिने लागले. ओळखायची सोपी खूण सांगतो: पान जाडसर, पिवळट हिरवं असतं; चुरडून चावलं तर मोहरीसारखं झणझणतं. मूळ सोलून हुंगलं तर अळिवासारखा वास येतो. तो नसेल तर पैसे परत घ्या.

आमचं शेत अमळनेर तालुक्यात, तापीकडच्या अंगाला. बांधाजवळचा दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा उन्हाळ्यात पांढरा पडतो. शेजारचे बाबा म्हणायचे, “आठे काहीच येत नही, भाऊ.” तिथे मी पहिल्या वर्षी बारा रोपं लावली आणि ऑगस्ट संपेपर्यंत दोन राहिली. चूक माझीच. पाणी साठावं म्हणून खोल आळी केली होती, आंब्याला करतो तशी. खारवट जमिनीत आळं म्हणजे सगळीकडचं मीठ आणि पाणी गोळा व्हायची वाटी. पुढच्या वर्षी उलट केलं. दीड फूट उंच वरंबा, त्यात थोडा मुरूम आणि शेणखत, आणि रोप अगदी माथ्यावर न लावता वरंब्याच्या बाजूच्या उतारावर. ओल वर चढते तसं मीठ माथ्यावर जाऊन बसतं, म्हणून माथा टाळायचा. त्या खेपेला बारातली दहा जगली.

पण त्याच्या आधी एक काम करा: मातीपरीक्षण. तुमच्या प्रश्नात फक्त पाण्याचा आकडा आहे, मातीचा नाही. टीडीएसला साधारण ६४० ने भागलं की पाण्याची विद्युत वाहकता (खारटपणाचं माप, डेसिसीमेन प्रति मीटरमध्ये) निघते, म्हणजे तुमची चारच्या थोडी वर. पिलूला हे पाणी काहीच नाही. करनालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र भरूचला आहे. तिथल्या लोकांनी खारट काळ्या जमिनीवर पिलूची लागवड करून दाखवली आहे, जिथे नेहमीची पिकं उभी राहत नाहीत तिथे. माती आपल्यासारखीच काळी, म्हणून मला तो दाखला व्हिडिओपेक्षा जास्त पटतो.

अडचण येते ती जमीन नुसती खारवट नसून चोपण असेल तर. पावसानंतर डबक्यातलं पाणी दिवस दिवस गढूळच राहतं का? ओली माती बोटांत साबणासारखी बुळबुळीत लागते का? वाळल्यावर पोपडा धरून भेगाळते का? मग सोडियमचा घोळ आहे. सामू (पीएच) ८.५ च्या वर आला तर अहवालात सांगतील तेवढं जिप्सम खड्ड्याच्या मातीत मिसळा आणि पाणी बाहेर निघायला चर काढा. त्याशिवाय कुठलंही झाड लावणं म्हणजे रोपांचे पैसे मातीत घालणं.

लागवड जूनच्या शेवटी, एक चांगला पाऊस झाल्यावर. पावसाने वरच्या थरातलं मीठ खाली धुतलेलं असतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात गोडं पाणी मिळालं तर उत्तम. टँकरचं एक पिंप आठवड्याला वीस रोपांना पुरतं. मोठं झाड मीठ सोसतं, पण कोवळ्या रोपाकडून तीच अपेक्षा ठेवू नका. मोठं झाड जादा मीठ जाड पानांत साठवतं आणि जुनी पानं टाकून देतं. खाली पडलेली ती पानं झाडून लांब टाकली तर बरं, नाहीतर मीठ पुन्हा तिथेच.

आता शोभेचं. गुलाबाची हौस असेल तर पिलू तुम्हाला आवडणार नाही. फुलं हिरवट, बारीक, लक्षातही येत नाहीत. वाढ सावकाश. फांद्या लोंबतात, झाड उंचीपेक्षा रुंदीने पसरतं, त्यामुळे दोन रोपांत निदान आठ फूट ठेवा. काटे नाहीत, म्हणजे गुरं अडवायला एकटं पिलू कामाचं नाही, आणि शेळ्यांना त्याचा पाला भारी आवडतो. पहिली तीन वर्षं बाहेरून बाभळीच्या काट्यांची वई घाला. पण मेमध्ये, पारा ४४-४५ वर असताना, सगळं माळरान राखेसारखं झालेलं असतं तेव्हा हे हिरवंगार असतं. मला तेवढं पुरतं. दर वर्षी कात्रीने चौकोनी कापू नका. खालून झुकलेल्या फांद्या जमिनीला टेकू दिल्या तर वारा आणि धूळ दोन्ही अडतात.

रोपं मिळाली नाहीत तर बी लावा, पण ताजंच. वाळवून ठेवलेलं बी लवकर मरतं. फळाचा गर राखेत चोळून पुरता धुवून काढा, गर राहिला तर उगवण अडते. फळं उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात, आधी गुलाबी मग जांभळी. आमच्याकडे तेव्हा भोरड्यांचे थवे परतीला निघालेले असतात आणि एका सकाळीत झाड साफ करतात, म्हणून फळं रंग धरायला लागली की एक-दोन फांद्यांवर जुनी साडी बांधून ठेवा.