यंदा लेझीम बंद करू का?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्या की पहिल्या पंधरवड्यात माझा, म्हणजे एका समुपदेशकाचा, फोन एकाच प्रश्नासाठी वाजतो. शब्द तेवढे वेगळे. "मॅडम, यंदा गॅदरिंगला नाव द्यायचं नाही असं ठरवलंय, बरोबर ना?" "खो-खोच्या टीममधून काढून घेऊ का?" "नाचायला सगळ्यात पुढं आणि गणितात भोपळा, काय करायचं हो?" पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक नुकतंच हातात पडलेलं असतं. दुसऱ्या सत्रात क्रीडास्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, सहल, सव्वीस जानेवारी हे सगळं ओळीनं उभं असतं. आईवडिलांना हिशेब सरळ दिसतो: इकडचा वेळ वाचला की तिकडे लागेल.

मी फोनवर एवढंच सांगते, "आठवडाभर काही बंद करू नका. आधी वही घेऊन या." वही का, हे मला सायलीनं शिकवलं. नाव अर्थात बदललेलं आहे, आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

सायली सातवीत, सांगलीतल्या एका मराठी शाळेत. वडील हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी, आई घरी ब्लाउज शिवते. सहावीच्या अखेरीस गणितात अ-२ श्रेणी होती, सातवीच्या पहिल्या सत्रात क-१. बाकीचे विषय जिथल्या तिथे. आईनं खुर्चीत बसायच्या आधीच प्रगतिपत्रक टेबलावर ठेवलं. "हिचं लेझीम बंद करायचंय. तुम्ही सांगितलं की ऐकेल."

बऱ्याच घरांतून निकाल आधीच लागलेला असतो. माझी फक्त खाली सही हवी असते.

आता, सांगलीत कुणाला लेझीम सोड म्हणणं सोपं नाही. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला याच जिल्ह्यातले लेझीम खेळणारे गेले होते. २०१४ च्या सव्वीस जानेवारीला इथं ७,३३८ जणांनी एका वेळी लेझीम खेळून गिनीज बुकात नोंद केली. सायलीची आतेबहीण त्या गर्दीत होती, आणि तिचा तो फोटो आजीच्या घरी अजून भिंतीवर आहे. सायलीची या वर्षी पहिल्यांदाच शाळेच्या पथकात पुढच्या रांगेत निवड झाली होती. आई बोलत होती तेव्हा ती टेबलाच्या कडेचं सनमायका नखानं उचकटत बसली होती. एक शब्द बोलली नाही.

पहिल्या भेटीत मी चुकले. मी मधला मार्ग काढला. शाळा सुटल्यावर एक तास लेझीम, संध्याकाळी सात ते आठ गणित, वेळापत्रक फ्रिजवर. आई अर्धी खूश, मुलगी अर्धी खूश. असल्या तडजोडी करताना समुपदेशकाला फार शहाणं वाटतं.

दोन आठवड्यांनी आई एकटीच आली. "तास बसते हो, नाही असं नाही. पण तासात दोन गणितं होतात. लिहिती नि खोडती, लिहिती नि खोडती."

तेव्हा मी ते प्रगतिपत्रक पुन्हा उघडलं. आठवीपर्यंतच्या प्रगतिपत्रकात श्रेणीसोबत वर्णनात्मक नोंदीही असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. पालक या नोंदी वाचत नाहीत, कारण त्या सगळ्या मुलांच्या सारख्याच वाटतात, आणि पुष्कळदा तशा असतातही. सायलीच्या 'सुधारणा आवश्यक'मध्ये बाईंनी लिहिलं होतं, "गणितातील उदाहरणे अपूर्ण ठेवते." चुकते असं लिहिलंच नव्हतं. अपूर्ण ठेवते. पहिल्या भेटीत ते वाक्य माझ्या टेबलावरच पडलेलं होतं, आणि मी वेळापत्रक आखत बसले होते.

पुढच्या भेटीला गणिताची वही मागवली.

"ही वही शंभर पानी ना गं?"

"हो."

"मग अशी बारीक कशी?"

ती गप्प. मी पानं मोजली. चौसष्ट. मधल्या पिना सैल झाल्या होत्या, शिवणीपाशी फाडलेल्या पानांच्या चिंध्या राहिल्या होत्या.

"पानं कुठं गेली?"

"फाडली."

"का?"

"घाण झालेली."

"घाण म्हणजे?"

बराच वेळ गेला. मग, "चुकलेली."

उरलेल्या पानांत एक सरळव्याजाचं उदाहरण होतं. मुद्दल ५००० रुपये, दर द.सा.द.शे. ८, मुदत २ वर्षे. उत्तराच्या जागी काही नव्हतं. तिथला कागद खोडून खोडून इतका विरला होता की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसत होती. मी पान खिडकीकडे धरलं. खोडलेल्या जागी दाबून लिहिलेल्या पेन्सिलीचा वळ होता. ८००.

"हे बरोबर होतं की सायली."

"मला वाटलं चुकलं."

"मग दुसरं उत्तर का नाही लिहिलंस?"

"ते पण चुकलं असतं तर?"

हळूहळू मागचं कळलं. सहावीत बाईंनी तिची वही वर्गभर फिरवली होती, वही असावी तर अशी म्हणून. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं, कौतुकच केलं होतं. पण त्या दिवसापासून सायलीच्या डोक्यात एक 'च' शिरला: माझी वही चांगलीच असायला हवी, माझं उत्तर बरोबरच यायला हवं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धत ही माझी वाट. त्यातलं मर्म मराठीत फार सोपं आहे, कारण आपल्याकडे 'च' हे अक्षर आयतंच आहे. 'बरोबर यावं' ही इच्छा असते. 'बरोबरच यावं' म्हटलं की ती मानगुटीवर बसते. मोठ्या माणसांना हे समजावायला मला चार बैठका लागतात. मुलांना मात्र समजावून फारसं काही होत नाही. त्यांच्या हाताला ते लागावं लागतं.

ते लागलं डिसेंबरातल्या एका संध्याकाळी. सायली सरावावरून थेट आली होती, दप्तराबरोबर लेझीम. मी म्हटलं, दाखव की. तिनं आधी खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडतील का ते विचारलं. मग चपला काढल्या, खुर्ची भिंतीला लावली आणि उभी राहिली. दोन आवाज, चार आवाज, मग पवित्रा. माझी खोली दहा बाय दहाची, साखळीच्या चकत्यांचा आवाज कपाटाच्या काचेला जाऊन भिडत होता. जी मुलगी माझ्यापुढे मान वर करत नव्हती तिची हनुवटी वर होती. एका वळणावर तिचा हात चुकला. आवाज यायचा तिथं आला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पुढच्या मात्रेला हात बरोबर जागी होता. पुढं सगळं नीट पार पडलं.

ती बसल्यावर मी विचारलं, "मधे एकदा चुकलं ना?"

"हो, वळताना. नेहमी चुकतं तिथं."

"मग थांबली नाहीस?"

तिनं माझ्याकडे, हिला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं. "थांबून कसं चालेल? मागची अंगावर येईल की! चुकलं तर पुढचा ठोका धरायचा. सर म्हणतात, हलगी कुणासाठी थांबत नाही."

"आणि चुकलेला आवाज?"

"गेला."

"खोडायचा नाही?"

ती हसली. माझ्या खोलीत पहिल्यांदाच. "लेझीम कसं खोडणार?"

मी काहीच बोलले नाही. या कामात मला शिकायला सर्वांत जड गेलेली गोष्ट म्हणजे अशा वेळी तोंड बंद ठेवणं, आणि त्या दिवशी ते जमलं याचं मला आजही बरं वाटतं. टेबलावर ती बारीक वही पडली होती. सायलीची नजर तिच्यावर गेली, हातातल्या लेझमीकडे आली, पुन्हा वहीवर गेली. मला काय सांगायचं होतं ते तिला न सांगता कळलेलं होतं, असं मला वाटलं.

पण मुलं आपल्याला असं सहज जिंकू देत नाहीत. "पण मॅडम," ती म्हणाली, "लेझीम वाजलं की संपतं. वही राहते. बाई बघतात."

बिनतोड होतं. मी 'बघू या' म्हणून वेळ मारून नेली.

उत्तर माझ्याकडून आलं नाही. पुढच्या वेळी आईला लग्नसराईचं काम होतं म्हणून वडील घेऊन आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले, हाताची बोटं हळदीनं पिवळी. मी वहीचा प्रकार सांगितला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या कीर्दीत, रोजच्या हिशेबाच्या वहीत, खोडरबर चालत नाही, मॅडम. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडलेलं दिसलं तर मालक विचारतो, काय लपवलंस?"

सायलीनं विचारलं, "पप्पा, तुमचं चुकतं?"

"रोज," वडील म्हणाले.

मी पुस्तकातलं जे जे सांगितलं असतं ते त्या एका शब्दापुढे फिकं होतं.

मग तिघांनी मिळून ठरवलं. खोडरबर आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये राहील. गणित पेननं, चुकलं तर एक रेघ आणि शेजारी 'सा.' अशी सही. पान फाडायचं नाही. वर्गशिक्षिकेला मी चिठ्ठी लिहिली, त्यांनी लगेच होकार दिला. सायलीला आणखी एक काम दिलं: आठवड्यातून एकदा, उत्तराची खात्री नसताना हात वर करायचा. तिनं डोळे मोठे केले, म्हणून तिला एलिसचीच गोष्ट सांगितली. हा माणूस तरुणपणी भयंकर लाजाळू होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या वनस्पती उद्यानात जाऊन त्यानं महिनाभरात बाकांवर बसलेल्या शंभर अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलणं काढलं.

"मग?"

"मग काही नाही. भीती गेली."

"कुणी चप्पल नाही मारली?"

"नाही."

दुसऱ्या आठवड्यात तिनं हात वर केला. उत्तर चुकलं. "दोघं हसली," ती मला म्हणाली, "मग मधली सुट्टी झाली."

पालकांनी इथून काय घ्यायचं? वेळेचं गणित मांडण्याआधी वही बघा. चुकांनी भरलेली वही असेल तर मुलाला ते समजलेलं नाही, शिकवावं लागेल. कोरी, खोडलेली, फाडलेली वही असेल तर पुष्कळदा समजलेलं असतं, भीती आडवी येते. तिथं आणखी एक तास अभ्यासाला बसवलं तर भीतीलाच एक तास जास्त मिळतो. आणि मूल ज्या ठिकाणी हसत हसत चुकतं ते मैदान, ते पथक, तो रंगमंच आधी काढून घेऊ नका. तिथं ते जे शिकलंय तेच वर्गात न्यायचंय. शाळाही हे उपक्रम अभ्यासाबाहेर धरत नाही. सातवीच्या श्रेणीत ४० टक्के वजन आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला असतं, त्यात तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प येतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण तर पूर्णपणे आकारिकच.

घरात 'किती बरोबर आलं?' याच्या जोडीला 'आज कुठं चुकलं?' हेही विचारायला लागा. आणि आपलं कुठं चुकलं ते आधी सांगा, नाहीतर ती उलटतपासणी होते.

कधी कमी करावंच लागतं, हेही सांगते. मूल रोज दमून न जेवता झोपत असेल, शाळेच्या सरावावर आणखी तीन क्लास लावलेले असतील, किंवा मुलालाच ते नको असून आपली हौस चालू असेल, तर जरूर कमी करा. आणि वाचन-लेखन-आकडेमोड पहिली-दुसरीपासूनच अडखळत असेल, अंक उलटे पडत असतील, तर 'च'च्या नादी लागू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. प्रत्येक कुलपाला माझी किल्ली लागत नाही.

सायलीचं दुसरं सत्र सरळ रेषेत गेलं नाही. जानेवारीत सराव वाढला तशी गणिताची वही आठवडाभर उघडलीच नाही, आणि आईचा फोन आला, "सांगितलं होतं ना मी!" सव्वीस तारखेला ती पुढच्या रांगेत होती. वळणावर हात चुकला का, ते मला इतक्या लांबून दिसलं नाही. फेब्रुवारीत एका चाचणीनंतर तिनं खोडरबर मशीनच्या ड्रॉवरमधून काढून घेतलं, दोन दिवसांनी परत ठेवलं. वर्षाअखेर गणितात ब-२ आली. अ-२ नाही. आई थोडी हिरमुसली, पण लेझमीचं नाव काढलं नाही.

शेवटच्या भेटीला सायलीनं दुसऱ्या सत्राची वही स्वतःच आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "मोजा."

रेघा मारलेले आकडे, शेजारी 'सा.', 'सा.', 'सा.'. मी मोजली. शहाण्णव.

"चार पानं कमी आहेत."

"ते जोडपान शेजारणीला दिलं," ती म्हणाली. "चाचणीला तिच्याकडं कागदच नव्हता."